ताटाची डावी बाजू

माझी सहा वर्षांची रेवा आबांना हसली, म्हणून काल मला झोप लागली नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. पक्षाघाताच्या झटक्याला आता दोन वर्षं झाली. ते चालतात, म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण आमचा चहा पिऊन त्यांना 'बरे झाले' असं जाहीर करून जातो. काल तर नणंदबाईंनी, मंजिरीताईंनी, निकालच दिला: "आबा मुद्दाम करतात. शेजारी बसलं तरी बघत नाहीत." त्यावर रेवा हसली. पोरगी हेच शिकली तर? उलट बोलायची माझी छाती नाही. म्हणून आज सकाळी तिची वेणी घालताना, मंजिरीताईंना ऐकू जाईल अशा आवाजात, मी गोष्ट सुरू केली.

एकदा एक वृद्ध गुरुजी शिष्यासह एका व्यापाऱ्याकडे भोजनास गेले. व्यापारी पक्षाघातातून उठून हिंडूफिरू लागला होता. ताटातली उजवीकडची भाजी-आमटी तो निमूट संपवी, आणि रोज कुरकुरे, "चटणी नाही, मीठ नाही, लिंबू नाही." हे सारे तर डावीकडे, नेहमीच्या जागी वाढलेले असे. सांगता सांगता त्याचा शब्द हरवे, मग तो संतापे.

"सुनेला छळण्याचे सोंग आहे हे," मुलगा म्हणाला. "गुरुजी, उद्यापासून यांचे पान पडवीत. एकटे जेवू देत."

शिष्याने मान डोलावली. "वय झाले की माणूस हट्टी होतो."

गुरुजी भरल्या पंगतीतून उठले. त्यांनी व्यापाऱ्याचे ताट धरून असे फिरवले, की डावीकडचे सगळे उजवीकडे आले. शिष्य ओशाळला. वाढलेले ताट कोणी असे फिरवते का?

व्यापारी पाहतच राहिला. "चटणी कधी वाढलीत?" त्याने बोट लावून चव घेतली. "सूनबाई, लिंबूही आहे की."

गुरुजींचा स्वर चढला. "याचे डोळे शाबूत आहेत. आघाताने याच्या मनातून डावी बाजूच पुसली आहे. तिथे काही असेल, अशी शंकाही त्याला येत नाही. पाय चालू लागले ते तुम्हाला दिसले, तेवढ्यावर तुम्ही त्याला बरा ठरवलेत, आणि जे दिसले नाही त्याला सोंग म्हणालात. अर्धेच पाहणारे तर तुम्हीही. मग पडवीची शिक्षा एकट्या त्याला का?"

मुलाने आपले पान उचलले आणि वडिलांच्या उजव्या हाताला येऊन बसला.

गोष्ट संपली तेव्हा वेणी जरा जास्तच घट्ट झाली होती. मंजिरीताई कपात बघत होत्या. माझी गोष्ट नेमकी कुणाला लागली, कुणाला नाही, काही कळेना.

तेवढ्यात आबा येऊन खुर्चीत बसले. मंजिरीताईंनी स्टूल ओढून त्यांच्या डाव्या हाताशी घेतलं. "आबा, झोप लागली का?"

आबा उजवीकडच्या खिडकीकडे बघत राहिले.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. आवाज मात्र कालच्यासारखा नव्हता.

मी तोंड उघडायच्या आत रेवा म्हणाली, "आत्या, तू चटणीच्या बाजूला बसलीयेस. ऊठ, भाजीकडे ये."