खिडकीच्या गजावरचे दोरे

"पाणमांजरीच्या घरी म्हणे आता चिडीचूप असतं. आणि बाई, तिनं काही फार केलं नाही, नुसतं आपलं..."

पाणवठ्यावर एवढंच ऐकू आलं. पुढचं वाक्य कोतवाल पक्ष्याच्या आरोळीत बुडालं. बोलणाऱ्या दोन रानकोंबड्या घागरी उचलून चालत्या झाल्या. सगुणा चिचुंद्री त्यांच्या मागे चार पावलं धावलीसुद्धा, पण चिचुंद्र्यांना दिसतं कमी. त्यांचा सगळा भरवसा कानांवर, आणि त्या गलक्यात कुणाची पावलं कुठे गेली ते कळायला मार्ग नव्हता.

त्या मुलखात शांतता म्हणून उरली नव्हती. प्रत्येक घराला एकच खिडकी असे, आणि जगातलं जे काही हवं ते त्या खिडकीतूनच मिळे. औषध कोणतं घ्यावं, बाजार कधी भरतो, नदी उतरली की नाही, खिडकीत उभं राहून विचारावं आणि कुठला तरी पक्षी येऊन सांगून जावा. निघताना तो विचारी, "पुढेही येऊन सांगत जाऊ ना?" आता दारी आलेल्याला 'नको' म्हणायचं नाही ही तिथली रीत. घरची बाई हातातलं काम न सोडता "बरं" म्हणे आणि पदराचा एक दोरा ओढून खिडकीच्या गजाला गाठ मारून टाकी. दोरा असेपर्यंत त्या पक्ष्यानं हवं तेव्हा यावं, हवं ते ओरडावं. बांधलेला दोरा सोडणं म्हणजे जेवत्या पाहुण्याच्या ताटातली भाकरी काढून घेणं, असं आयांनी लेकींना शिकवलेलं. त्यामुळे सोडण्याचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही. उलट एखादा पक्षी फारच ओरडायला लागला, तर त्याला लवकर वाटेला लावायला बायका आणखी एक दोरा बांधत.

सगुणाच्या गजावर असे किती दोरे होते, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. राघू येऊन सांगायचा, "मावशी, अख्ख्या मुलखात भोपळा तुम्हालाच लागलाय, घ्यायला या!" मैना तेलं विकायची. टिटवीचं तर एकच तुणतुणं, "घराला वाळवी लागली, पाच ठिकाणी लागली, आत्ताच बघा, नाहीतर छप्पर खाली येईल!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सगुणानं घरातलं एकूण एक लाकूड हुंगून पाहिलं होतं. वाळवी नव्हती. दुसऱ्या दिवशी टिटवी म्हणाली, सात ठिकाणी.

एरवी हे सगळं तिनं सोसलं असतं. त्या गल्लीत सगळेच सोसत होते. पण सगुणाची लेक शेवंता नदीपलीकडे दिली होती आणि तिचे दिवस भरले होते. गेल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा ती एकटी होती. जावई कामापायी गावोगाव फिरणारा. बाळ राहिलं नाही. त्या बाळासाठी शिवलेलं अंगडं सगुणानं अजून घडी न मोडता ठेवलं होतं. या खेपेला मायलेकींचं ठरलं होतं की कळ आली रे आली, की नदीकाठचा शिंजीर निरोप घेऊन येईल. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. त्याचा आवाज तो केवढा, चार घरं शांत असतील तरच ऐकू यावा.

सगुणा खिडकीपाशी बसून राहिली. जेवण तिथेच, झोपही तिथेच. मधूनच ती कळवळून ओरडे, "अरे, थोडं थांबा की रे, माझ्या लेकीचा निरोप यायचाय!" मग कोतवाल जवळ येई. कोतवाल नकला करण्यात पटाईत. त्यानं ते शब्द लक्षात ठेवले. आणि दुसऱ्याच दिवशी खिडकीतून अगदी शिंजिराच्या आवाजात हाक आली, "सगुणामावशी, निरोप आहे! लेकीचा निरोप आहे!"

ती चुलीपासून अडखळत, ठेचकाळत धावली.

"लेकीसाठी डिंकाचे लाडू करताय ना? आमच्याकडचा डिंक एकदा..."

सगुणा चुलीपाशी परत गेली. त्या दिवशी असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी हाक आली तेव्हा ती उठलीच नाही, आणि मग रात्रभर आपण उठलो का नाही म्हणून रडली.

अशा वेळी पाल आली. ती खिडकीतून आली नाही, दारातून आली, आणि फार मऊ बोलली. "तुमचे हाल बघवत नाहीत हो. मी राखण करते. एकालाही फिरकू देणार नाही. मला काही नको, मागच्या खोलीतला एक कोनाडा तेवढा द्या." सगुणाला आधार वाटला. तिनं कोनाडा झाडून दिला, वर फडकं अंथरलं.

दोन दिवस जरा कमी वाटलं. तिसऱ्या दिवसापासून आवाज भिंतीतून येऊ लागला. चुक चुक करीत पाल आतूनच सांगे, "तेल घ्या, भोपळा न्या, वाळवी आली." आणि त्याहून वाईट म्हणजे खिडकी फिरली. सगुणाची खिडकी नदीकडे उघडायची. एका सकाळी तिनं ती ढकलली तर समोर बाजार. मिटून पुन्हा उघडली, पुन्हा बाजारच. पालीनं कोयंड्यात तोंड घालून चौकट कधी फिरवली ते कळलं नव्हतं. सगुणानं विचारलं, "सुईणीचं घर कुठे?" तर बाजारातून सतरा जणांनी आपापल्या सुइणी पुढे केल्या.

शेजारची चंद्राक्का घूस कुंपणावरून डोकावली. अर्धवट ऐकलेली बातमी तिच्याकडे पूर्ण होती. "अगं, पाणमांजरीनं नुसतं आपलं भिंत घातली. चिखलविटा रचल्या नि खिडकीच बुजवून टाकली! हाय काय नि नाय काय!"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळेच सांगतात. कुणी म्हणतं मिरच्यांची धुरी दिली. पण मला विचारशील तर भिंतच."

सगुणानं चिखल कालवला. दोन थर रचले. तिसरा थर रचताना हात थांबला. खिडकी बुजली तर शिंजीर येणार कुठून? तिनं ओल्या विटांवर कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली. मागे भिंतीतून पाल म्हणत होती, "चिखल चांगला मिळेल, चिखल घ्या."

मग ती दाराशी आली. घर सोडायची भीती वाटत होती, आपण गेलो आणि तेवढ्यात निरोप आला तर? "चंद्राक्का, जरा माझ्या खिडकीकडे कान ठेवशील?"

"कान? अगं बये, माझ्याच खिडकीत बाजार भरलाय, तुझ्याकडे कुठला ठेवू?"

सगुणा भिंतीला अंग घासत, वास घेत, गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पाणमांजर ओल्या अंगानं उंबऱ्यात बसली होती. तिच्या खिडकीशी खरंच कुणी नव्हतं. सगुणानं गज चाचपून पाहिला. दोनच दोरे हाताला लागले.

"एक माझ्या भावाचा," पाणमांजर म्हणाली, "आणि एक पुराची खबर देणाऱ्या बगळ्याचा. बाकीचे सोडले."

"सोडले?" सगुणाचा आवाज आपोआप खाली गेला. "म्हणजे... गाठी?"

"गाठीच. दुसरं काय सोडणार?"

"त्यांना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. टिटवीनं दोन दिवस माझा उद्धार केला. मग गेली."

"पण रीत..."

"पाहुणा निदान टेकतो तरी गं. यांच्यातला एक तरी कधी टेकला का तुझ्याकडे?"

सगुणा काही बोलणार, इतक्यात पाणमांजरीच्या चुलीमागून बारीक आवाज आला, "तेल घ्या, तेल." पाणमांजरीनं घाईघाईनं दोन भांडी एकमेकांवर आपटली. "लाकूड वाजतंय," ती म्हणाली. "जुनं घर आहे." आणि सगुणाकडे न बघता शेपूट पुसत बसली.

सगुणा घरी आली ती थेट खिडकीत चढली. रचलेल्या विटा ढकलून दिल्या. गजावर हात फिरवला. मनगटाएवढा जाड थर होता दोऱ्यांचा. पहिली गाठ नखानं उकलताना तिची बोटं थबकली. दोनदा फिरवून टोक आत दडवलेली गाठ. अशी गाठ त्या मुलखात एकटी तीच मारायची. शेवंताच्या लहानपणी अंगड्याचे बंद सुटू नयेत म्हणून तिनं ती स्वतः शोधून काढली होती. तिनं दुसरी गाठ चाचपली. तिसरी. भलत्या कुणाच्या हाताची एक गाठ सापडावी म्हणून ती अगदी तळापर्यंत चाचपत गेली. एकही नव्हती.

मग ती सोडत सुटली. नखं तुटली, दात लावले. "मावशी, ओळख विसरलात होय?" राघू म्हणाला आणि वाक्य अर्धं टाकून उडाला. मैना उडाली. टिटवी "छप्पर पडेल, तेव्हा आठवण येईल!" म्हणत लांब लांब गेली. कोतवालाचा दोरा शेवटी निघाला. तो शिंजिराच्या आवाजात एकदा रडून दाखवून गेला.

बाहेर शांत झालं. आत मात्र नाही. चुक चुक, चुक चुक. पालीचा कुठे दोरा नव्हता, तिला सोडवायला गाठच नव्हती. सगुणा मागच्या खोलीत शिरली, कोनाड्यात हात घातला आणि जे हाताला लागलं ते ओढलं. शेपूट होतं. ते तुटून हातातच राहिलं. पाल वर पळू लागली तशी सगुणानं सूप आडवं घालून तिला कोपऱ्यात दाबली, सुपासकट उचलली आणि दाराबाहेर भिरकावून कडी लावली. मग चौकटीला खांदा लावून, दम लागेस्तोवर रेटून, तिनं खिडकी पुन्हा नदीकडे फिरवली.

गार वारा आत आला. घरात कसलासा बारीक आवाज अजून चालूच होता. जमिनीवर पडलेलं ते शेपूट वळवळत पाटाखाली शिरलं होतं आणि दबक्या आवाजात म्हणत होतं, "...न्या... न्या..." त्या आवाजापलीकडे, त्याहूनही बारीक आवाजाचं काहीतरी खिडकीपाशी होतं. गजाच्या अगदी टोकाला बसलेलं, धापा टाकणारं.

"कोण?" सगुणानं विचारलं. आपल्या आवाजाचीच तिला भीती वाटली. "डिंक विकायचा असेल तर..."

"मला नाही काही विकायचं," शिंजीर म्हणाला. "शेवंताच्या कळा सुरू झाल्यात. काल दुपारी येऊन गेलो. आज सकाळपासून दोनदा आलो. खिडकीच सापडेना."

"आणि आता? आता कशी आहे ती?"

शिंजीर नदीकडे वळला. मग म्हणाला, "मी निघालो तेव्हा ती तुम्हालाच हाका मारत होती. चला तुम्ही. मी पुढे उडतो, आवाजामागून या."

सगुणानं ते अंगडं पोटाशी धरलं आणि ती धावत सुटली. डोळ्यांना रस्ता दिसत नव्हता, पण वरून येणारी ती बारीक चिवचिव आता दर पावलाला कळत होती.

चंद्राक्काच्या खिडकीवरून जाताना तिला वरून हाक आली. सगुणाकडून उठलेले सगळेच तिथे येऊन बसले होते, त्यामुळे चंद्राक्काला घसा ताणावा लागला. "अगं ए सगुणे! झालं का गं शांत? काय केलंस ते तरी सांगून जा!"

"बरंचसं झालं," सगुणा न थांबता ओरडली. "गाठी सोड, चंद्राक्का! गाठी..."

"काय? काय सोडू? ऐकू येईना बाई!" चंद्राक्का म्हणाली. राघू तिला काहीतरी विचारत होता. तिनं एका हातानं कान घट्ट दाबून धरला होता आणि दुसऱ्या हातानं, दोऱ्याचं टोक दातात पकडून, गजाला गाठ मारत होती.