न सांगितलेलं नाव

एका गावात नथनेल नावाचा एक गवंडी राहत होता. गावात ख्रिस्ती मंडळी लहानशी होती आणि प्रार्थना करावी ती नथनेलनंच, असं सगळे मानत. कुणी त्याची स्तुती केली की तो मान खाली घालून म्हणे, “मी कोण? सगळं प्रभूचं.” मग हे किती जणांनी ऐकलं, ते हळूच पाही.

त्या मंडळीत एक रीत होती. कुणी आजारी पडलं, की घरच्यांनी रविवारच्या उपासनेत उभं राहून त्याचं नाव सांगायचं. त्या संध्याकाळी सगळे त्या घरी जात. बायका खाटेभोवती बसून गीतं गात आणि मग प्रत्येक जण, अगदी अडखळत बोलणारासुद्धा, एकेक वाक्य प्रार्थना करी. नाव सांगितल्याशिवाय मात्र कुणी जात नसे. न बोलावता आजाऱ्याच्या दारात उभं राहणं त्यांना बरं वाटत नसे.

एका वर्षी नथनेलची बायको शलोमी आजारी पडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण नथनेलला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार आशा नाही. शलोमीला ते न सांगताच कळलं होतं. ती म्हणाली, “अहो, रविवारी माझं नाव सांगा. बायका येऊन बसतील.”

“मी करतो आहे ना प्रार्थना?”

शलोमी हसली. “तुमची प्रार्थना लांब असते. मला मधेच डोळा लागतो. हन्नाबाई बेसूर गातात, पण ते ऐकावंसं वाटतं.”

नथनेलनं होकार दिला. पण त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. लोक आपल्याकडे प्रार्थनेच्या विनंत्या घेऊन येतात. आपल्याच घरातलं दुखणं हटत नाही हे कळलं, तर ते काय म्हणतील? त्यांचा विश्वास डळमळेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

रविवारी चर्चच्या दारात हन्नाबाईनं विचारलं, “आज वहिनी दिसत नाहीत?” जरा थकवा आहे, असं तो म्हणाला. “तेवढंच असणार,” हन्नाबाई म्हणाली. “तुमच्या घरात शिरायला आजारपणही भीत असेल, दादा.” सगळे हसले. नथनेलही हसला आणि मग सांगणं आणखीच अवघड झालं.

तरी उपासना चालवणाऱ्या पाळकांनी आजाऱ्यांची नावं विचारली आणि इतरांची सांगून झाली, तेव्हा तो उठला. पाळकांना वाटलं, हा नेहमीसारखा प्रार्थनेलाच उभा राहिला आहे. ते म्हणाले, “नथनेल, इतरांची नावं झाली आहेत. सर्वांसाठी तूच प्रार्थना कर.”

मंडळी डोळे मिटून बसली होती. एक वाक्य बोलायला अजून वेळ होता. नथनेलनं हात जोडले आणि दुसऱ्यांच्या आजारांसाठी इतकी सुंदर प्रार्थना केली, की काही जणांचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर शलोमीनं विचारलं, “सांगितलंत?”

“पुढच्या रविवारी सांगतो.”

तिनं भिंतीकडे तोंड केलं. पुढचा रविवार तिला मिळाला नाही.

बातमी कळताच सगळी मंडळी धावत आली. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. बायका शलोमीजवळ बसल्या. ती किती दिवस अंथरुणाला खिळली होती, काय काय बोलत होती, हे त्यांनी हळूहळू विचारलं आणि नथनेलनं सांगितलं. तिनं त्यांना बोलावलं होतं, हेही सांगितलं.

हन्नाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“दादा, आम्हाला तुमच्यासारखी प्रार्थना येत नाही. पण आम्ही येऊन बसलो असतो.”

गावातल्या प्रत्येक दुःखाला नथनेलकडे सांत्वनाचा शब्द असे. या वेळी त्याला एकही सुचला नाही.

तात्पर्य: देवापुढे गुडघे टेकूनही माणसाचा गर्व शाबूत राहू शकतो. आपल्यासारख्याच साध्या माणसांना ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं जो म्हणू शकत नाही, तो अजून नम्र झालेला नाही, आणि त्याच्या गर्वाचं दुःख बहुधा त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाला सोसावं लागतं.