कच्च्या टाक्यातला कोट

"माप कुठाय?" याकूबमास्तरांनी विचारलं.

"डोक्यात," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी खडू खाली ठेवला. कोट शिकायला येणाऱ्याला ते आधी एवढंच विचारत. कोट कुणाचा, आणि माप कुठाय.

कोट मुलाचा होता. दिगूचा. त्याला झबल्यापासून मीच शिवत आलेय, बाई म्हणाल्या, मला टेप लागत नाही.

मी, मास्तरांच्या हाताखालचा पोरगा, कोपऱ्यात बसून काजं करत होतो. मान वर केली नाही.

प्रमिला बारटक्के हे नाव भिंगारात सगळ्यांना माहीत होतं. घरी ब्लाऊज आणि फ्रॉकचा क्लास चालवायच्या. बाईंचा हात मशीनपेक्षा सरळ, असं बायका म्हणायच्या. बाईंनाही ते माहीत होतं. मास्तर एकदा त्यांच्या टाक्याला नाव ठेवायला गेले, तर म्हणाल्या, तुम्ही एक ब्लाऊज शिवून दाखवा आणि मग बोला.

मास्तर हसले. म्हणाले, ब्लाऊजला मी घाबरतो, बाई. कोटात चूक लपवायला जागा असते.

बाई शिकत गेल्या. वरचं कापड, त्याच्या आत कॅनव्हास, सगळ्यात आत अस्तर. अस्तर शेवटी. आधी कोट पांढऱ्या कच्च्या टाक्यांवर उभा करायचा आणि ज्याचा आहे त्याच्या अंगात घालून बघायचा. ती ट्रायल. ट्रायल झाल्याशिवाय मास्तर अस्तर लावून कोट मिटू देत नसत. मग गिऱ्हाईक कितीही मोठा साहेब असो.

बाह्या तपासताना मास्तर थांबले. टोकाला आतून चांगलं चार बोटं कापड दुमडलेलं होतं. शाळेच्या पोराच्या कपड्यांना ठेवतात तसं.

"मुलगा केवढा आहे?"

"लग्नाचा."

"मग हे वाढीला कशाला सोडलंय?"

बाईंनी बाही त्यांच्या हातातून काढून घेतली. खाली बघून टाके उसवायला लागल्या...

ही चूक त्यांच्या क्लासातल्या पोरीनंही केली नसती.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. पायरीवरच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. दिगू ट्रक चालवायचा. गेल्या श्रावणात पुलावर पाणी आलं आणि तो गाडी घेऊन पुलावर गेला. ट्रक खालच्या गावात सापडला. दिगू सापडला नाही. सगळ्यांनी समजून घेतलं. हिनं नाही. दहावं-तेरावं करू देत नाही. फोटो लावू देत नाही. साखरपुड्याला कोट पाहिजे म्हणाला होता, कोट झाला की येईल, म्हणते. रोज चार पानं वाढते. धाकटी मुलगी त्या चौथ्या पानाशेजारी बसायला घाबरते.

"कोट पुरा झाला आणि तो आला नाही..." एवढं बोलून ते थांबले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, ही राहायची नाही."

 मास्तरांनी चहा घेणार का विचारलं. ते नको म्हणाले आणि गेले.

कोट खुंटीला टांगलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी कोट होते. ते चपटे लोंबत होते, रिकामा कोट लोंबतो तसे.

दिगूच्या कोटाच्या कोपरात सुरकुत्या होत्या.

मला वाटलं टांगताना पडल्या असतील. मी इस्त्री केली. दुपारी पाहिलं तर परत तिथंच. हात वाकवल्यावर आतून पडतात तशा. बाहेरून त्या कुणाला पाडता येत नाहीत.

मी मास्तरांना विचारलं, कुणी घातला होता का? ते म्हणाले, कोण घालणार?

मास्तरांनी खालची कड चाचपून पाहिली. ओलसर लागली. चैत्र चालू होता. भिंत कोरडी होती.

त्यांनी ती बोटं नाकाशी नेली आणि धोतराला पुसली. मला म्हणाले, परत इस्त्री करू नकोस.

बाई आल्या त्या अस्तर घेऊनच आल्या. राखी रंगाचं, चांगल्यातलं. म्हणाल्या, आज मिटू द्या मास्तर, तो आल्यावर काय कमीजास्त असेल ते बघू.

"ट्रायल?"

बाईंनी अस्तराची घडी काखेत दाबली.

मला वाटलं मास्तर आता सांगतील. कुणीतरी एकदा सांगायलाच हवं होतं... मास्तरांनी कोट खुंटीवरून काढला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, जड असल्यासारखा.

"धरा, बाई."

बाईंनी कॉलरपाशी धरून कोट उघडला. समोर कुणी पाठ करून उभं असावं आणि आता मागं हात घालणार असावं, तसा. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

बाई तशाच उभ्या राहिल्या.

डावी बाही आधी भरली. मग उजवी.

बाईंची बोटं सैल झाली. कोट पडला नाही.

माझी सुई कुठे पडली मला कळलं नाही. मास्तर मात्र पुढे झाले आणि टाचण्यांची उशी मनगटाला बांधून, कुठल्याही गिऱ्हाइकाभोवती फिरतात तसे सावकाश भोवती फिरले. बाही जरा खाली ओढली. पाठीची शिवण पाहिली. खांद्यापाशी थांबले.

"डावा खांदा उतरतो?"

"गिअर टाकून टाकून," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली आणि तिथं एक टाचणी लावली. मग कोटाच्या पाठीवर तळहात ठेवला. कोटाची छाती बघायची असली की ते असंच करत. माणूस श्वास घेतो, कापड वर येतं, कुठं ओढतंय ते दिसतं.

"श्वास घे, बेटा."

आम्ही तिघं बघत होतो...

कापड हललं नाही.

"परत एकदा."

बाई त्या छातीकडे बघत होत्या. पापणी लवत नव्हती. कच्चे पांढरे टाके होते तिथंच होते. एकही वर आला नाही.

मास्तरांनी तळहात काढला. तो ओला झाला होता.

"गार लागतंय का हाताला?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी ओला तळहात तसाच मिटला.

बाईंनी पदरानं तोंड दाबलं. रडल्या नाहीत. काखेतलं राखी अस्तर त्यांनी घडी मोडू न देता टेबलावर ठेवलं.  मग पहिल्या दिवशी शिकायला आलेली पोर विचारते तशा आवाजात त्यांनी विचारलं,

"मास्तर... कसा झालाय?"

मास्तरांनी कॉलरवरून बोट फिरवलं. खांद्यापासून खांद्यापर्यंत.

"कुठंच ओढत नाही, बेटी. बरोबर बसलाय," ते म्हणाले. "आता त्याला कोट काढू दे."