उसन्या भाताची कणगी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राणीचं नावही आता कुणाला आठवत नाही. राणी मायाळू होती आणि, खरं सांगायचं तर, थोडी हौशीही होती. डोंगरावरच्या एका गावात तुकड्या-तुकड्यांची शेती करणारी माणसं राहत. त्यांची लेकरं अर्धपोटी झोपतात हे ऐकून तिला घास गिळवेना. तिनं आपल्या खाचरांतलं सुवासिक भाताचं बियाणं तिथं घरोघर वाटलं.

लोकांनी निम्म्या रानात नेहमीची नाचणी ठेवली आणि निम्म्यात राणीचं भात लावलं. ओढ्याकाठच्या दोन-चार घरांना ते झकास आलं. वर उतारावर मात्र पाणी ठरत नाही. तिथं रोपं वाढली, लोंब्या आल्या, पण दाणा काही भरला नाही. नुसती फोलं.

सुगी झाल्यावर राणीचा कारभारी पाहणीला आला. "बी कसं उतरलं? कणग्या दाखवा पाहू," म्हणाला.

आता त्या गावची एक रीत होती. सोयरीक जुळवायला कुणाकडे पाहुणे आले, की शेजारी आपलं धान्य गुपचूप त्या घरच्या कणगीत ओतत. पाहुण्याला रिती कणगी दाखवणं म्हणजे त्याचा अपमान! हीच रीत इथंही चालली. कारभारी एका ओसरीवर ताक पीत बसे, तोवर ओढ्याकाठचं भात परसदारानं पुढच्या घरी पोचे. बिचाऱ्यानं गावभर तेच भात पाहिलं आणि प्रत्येक घरी खूश होऊन मान डोलावली. हसू नका. पाहुणे आले की शेजारच्या कपबश्या आपणही आणतोच.

राणीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं दवंडी पिटवली, "यंदा नाचणी पेरूच नका. सगळ्या रानात भात करा. बियाणं मी स्वतः घेऊन येते."

गावात कुजबुज सुरू झाली. नाचणी गेली तर खायचं काय? पण इतक्या मायेनं देणाऱ्या बाईचं मन मोडणार कोण? उतारावरच्या ठमाईची तर झोपच उडाली. तिची लेक वेणू बाळंतपणाला माहेरी आली होती.

पेरणीच्या तोंडावर राणी कारभाऱ्याला घेऊन आली आणि नेमकी ठमाईच्या दारात थांबली. कणगी शेजारच्या भातानं भरून ठेवलेली होतीच. ती पाहून राणीचे डोळे पाणावले. वेणूच्या डोक्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "पोरी, आज मी तुमच्याकडेच जेवणार. ह्यातलंच थोडं कांडून शिजवा."

ठमाईनं कणगीकडे पाहिलं. भात होतं खालच्या ओढ्याकाठच्या रखमाचं. दुसऱ्याच्या लेकरांच्या तोंडचं कसं शिजवायचं? शेवटी तिनं राणीपुढं नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी ठेवली.

राणीचा चेहरा उतरला. "माझंच भात मला घालायला जड गेलं का, मावशी?"

ठमाईला रडूच फुटलं. "न्हाई वो, बाईसाहेब! ते माजं न्हाईच. रखमाचं हाय, तुमास्नी दावायला आनलंय. माज्या रानात हे आलं." तिनं गोठ्यातल्या पेंढ्यातून एक लोंबी आणली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. हातावर काहीच उरलं नाही. "औंदा नाचणी न्हाई पेरली, तर बाळंतिणीला मी काय घालू?"

"मग कारभाऱ्यांना का नाही सांगितलंत?"

"त्येंनी इचारलं, बी कसं उतरलं. आईनं मायेनं वाढल्यालं कालवण आळणी हाय, आसं कोन म्हनतं? मानूस गप खातंय."

 डोंगर पिकला म्हणून राणीनं दरबारात मिरवून घेतलं होतं. तिला लाज वाटली, आणि समोर बसलेल्या अवघडलेल्या वेणूकडे पाहून भीतीही वाटली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "चूक माझी आहे, मावशी. माझं बी कसं आलं तेवढंच मी विचारत बसले. तुम्ही काय जेवता, ते विचारलंच नाही."

जेवण झाल्यावर तिनं भाताची एक टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बायकांबरोबर खाली रखमाकडे पोचवून आली. मागोमाग कारभारीही मुकाट्यानं टोपली घेऊन उतरला.

त्या वर्षी उतारावर नाचणीच पेरली गेली. वेणूला मुलगी झाली आणि नाचणीच्या पेजेवर मायलेकींनी चांगलं अंग धरलं. राणीची माणसं मात्र सुगीत येईनाशी झाली. ती ऐन श्रावणात, कणग्या तळाला गेल्या की, न सांगता येत आणि घरात शिजलं असेल ते खात.

पुढं एका वर्षी राणीनं तूर वाटली आणि स्वतःच चौकशीला आली. तिला पाहताच ठमाई दारातून ओरडली, "बाईसाहेब, तुमची तूर पार बुडाली बगा!"

राणीनं धावत जाऊन तिला मिठी मारली. म्हणाली, "आता कुठं तुम्ही मला आपलं मानलंत."

आपलं देणं फळलं की नाही, हे घेणाऱ्याच्या आभारांवरून ठरवू नये. त्याच्या चुलीपाशी बसून पाहावं.