वीरगळावरची अदलाबदल

देवखडीची लढाई जिंकून सरदार सर्जेराव परत आले. धारू पाथरवटाचा एकुलता एक लेक मालू मात्र तिथेच पडला. धारूनं लेकाच्या आठवणीचा वीरगळ घडवायला घेतला. खालच्या चौकटीत लढून पडलेला मालू, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरची स्वर्गाची चौकट तेवढी कोरी राहिली होती. तिथं छिन्नी लावली की लेकाचं हसू आठवायचं आणि हात थांबायचा.

एक दिवस सरदार घोड्यावरून आले. म्हणाले, "धारू, लढाई आम्ही जिंकली. स्वर्गात आमची मूर्ती बसव."

धारूनं दगडावरची धूळ फुंकली.

"बसवतो की, सरकार! पण वीरगळाची रीत अशी, की रणात जो पडला तोच वर बसतो. तेव्हा अदलाबदल करू. मालूच्या जागी तुम्ही पडा, आणि माझ्या पोराला घरी धाडा."

सरदारांनी घोडा वळवला. ते दिसेनासे झाले तरी धारू त्या वाटेकडे बघत राहिला. सरदार हो म्हणाले असते, तर मालू त्याच वाटेनं आला असता.