प्रधानजींचं सर्च इंजिन

आमच्या सोनगिरी संस्थानात राजे होते आणि इंटरनेटही होतं. खोटं वाटत असेल तर तिथल्या प्रधानजींना विचारा, पण जरा लांबून विचारा.

प्रधान रंगोपंतांनी दरबारासाठी सर्च इंजिन बनवलं होतं. उघडलं की आधी चौघडा वाजायचा, मग महाराजांची तसबीर हळूहळू उमलायची, मग चाळीस बटणं यायची आणि शोधायची चौकट सगळ्यात तळाशी. ग्रंथपाल सगुणाबाईंच्या इंजिनात पांढरं पान आणि मधोमध एक चौकट, बस्स.

"ही कोरी पाटी म्हणजे दरबाराचा अपमान!" रंगोपंत गरजले.

महाराजांनी फर्मावलं, "ज्याचं इंजिन हरेल त्याने आजच संस्थान सोडायचं. दरबार निवाडा देईल."

दरबारी तर एकजात प्रधानजींचे मिंधे. सगुणाबाईंची हार जणू ठरलेलीच.

दोघांचे संगणक दरबारात मांडले गेले आणि निवाड्याआधी रिवाजाप्रमाणे दोघांना विडे आले. रंगोपंतांनी विडा चावून गिळला, तोच सगुणाबाई दचकून म्हणाल्या, "अगंबाई! विड्यात धोतऱ्याचं बी तर नव्हतं ना?"

रंगोपंत पांढरेफटक पडले. स्वतःचा संगणक ओलांडून ते थेट सगुणाबाईंच्या संगणकावर झेपावले आणि विषावरचा उतारा शोधू लागले.

"पंत, तुमचं इंजिन इकडे राहिलं," महाराज म्हणाले.

"तो चौघडा संपेपर्यंत मी मरेन, महाराज!"

सगुणाबाईंनी आपला विडा सावकाश तोंडात टाकला. "विडा फक्कड आहे, सरकार. आणि निवाडा प्रधानजींनी दिलाच आहे."