काठ खणायचा हक्क

मुलांनो, ज्याचा पाय बाकाखाली सारखा हलत असतो, असा एक तरी तुमच्या वर्गात असेलच. या गोष्टीतला वेडा राघू अगदी तसा होता. जंगलातून वाहणाऱ्या एका नदीच्या उंच, मातीच्या काठात त्याचं बीळ होतं. हिरवागार, चिमणीएवढा पक्षी. फांदीवरून भुर्रकन उडायचा, हवेतल्या हवेत माशी पकडायचा आणि परत त्याच फांदीवर येऊन बसायचा. बसला तरी मान इकडे, मान तिकडे. आता नावातच 'वेडा' म्हटल्यावर त्याचं बोलणं कोण मनावर घेणार?

पण त्याच्या जिवाला एक घोर लागला होता, आणि तो उगीच नव्हता. दोन वर्षांपूर्वी राघू पलीकडच्या काठावर राहत असे. तो काठ एका म्हाताऱ्या सशाच्या मालकीचा होता. ससा स्वभावाने फार भला. "मी आहे तोवर इथल्या वाळ्याला कुणी हात लावणार नाही," असं तो सगळ्यांना सांगायचा. वाळा म्हणजे ते उंच गवत. त्याची मुळंच काठाची माती घट्ट धरून ठेवतात. मग ससा वारला. त्याच्या मुलाने काठ रानडुकराला विकला. डुकराला वाळ्याची मुळं म्हणजे जीव की प्राण! आठ दिवसांत त्याने अख्खा काठ उकरून काढला. ज्येष्ठात नदीला पूर आला आणि तो काठ धबाधब पाण्यात कोसळला. राघूची चार पिल्लं त्या मातीत होती.

तेव्हापासून राघू अलीकडच्या काठावर राहायला आला. हा काठ एका म्हाताऱ्या साळिंदराचा होता. तेही भलं. तेही म्हणायचं, "मी आहे तोवर काळजी नको." हे वाक्य ऐकलं की राघूला तो ससा आठवायचा. त्यातून साळिंदराला खोकला लागला होता. आणि समोर, पलीकडच्या कोसळलेल्या काठावर, रानडुक्कर रोज सकाळी येऊन उभं राहायचं आणि नाक वर करून इकडचा वास घ्यायचं. राघूला ना धड खाणं सुचे, ना बसणं.

शेवटी एक दिवस तो सरळ साळिंदराच्या बिळाशी गेला आणि म्हणाला, "आजोबा, आणि तुमच्यानंतर?"

साळिंदराने सगळे काटे फुलवले. "माझ्या मरणाची वाट बघतोस काय रे? चालता हो!"

राघू उडाला, फांदीवर बसला, परत आला. "तसं नाही हो, आजोबा. पण तुमच्यानंतर?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. माकडं वैतागली. "अरे, म्हाताऱ्याला सुखाने खोकू तरी दे!" असं ती वरून ओरडायची. राघूला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण तो यायचाच.

चौथ्या दिवशी त्याने वेगळं विचारलं. "आजोबा, पलीकडचा ससा तुमच्यापेक्षा वाईट होता का हो?"

साळिंदराचे काटे हळूहळू खाली आले. ससा त्याचा लहानपणापासूनचा मित्र होता. त्याने त्या पडक्या काठाकडे पाहिलं. "नव्हता रे," ते म्हणालं. "चांगला होता बिचारा. आणि माझा पुतण्या म्हणशील, तर त्याच्या मुलाहून काही वेगळा नाही. पण मी करू काय? जमीन माझ्यामागे त्याचीच."

तेवढ्यात वरच्या जांभळीवर अस्वल चढलं आणि आरामात पोळ्यातला मध खाऊ लागलं. राघूची मान टुणकन वळली.

"आजोबा, ही जांभूळ कुणाची?"

"माझी."

"मग मध अस्वल का खातंय?"

"त्याचा हक्कच आहे तो. झाड आमचं, मध अस्वलाच्या घराण्याचा, असं माझ्या आजोबांनीच ठरवून दिलंय."

"मग आजोबा गेल्यावर तुम्ही तो परत का नाही घेतला?"

"वेडाच आहेस! मला झाड मिळालं ते मधाच्या हक्काशिवायच मिळालं. जे माझ्याकडे आलंच नाही ते मी परत काय घेणार?" एवढं बोलून साळिंदर एकदम थांबलं. राघू फांदीवर नाचायलाच लागला.

"तेच करा, आजोबा! तेच! जमीन तुमची राहू दे. बीळ तुमचं, जांभळं तुमची, कंद तुमचे, सगळं पुतण्याला द्या. फक्त काठ खणायचा हक्क तेवढा आजच काढून दुसऱ्या कुणाला द्या. जे पुतण्याकडे नसेलच, ते तो विकणार कसं?"

साळिंदराने एक दिवस विचार केला. मग त्याने नदीतल्या कासवाला बोलावलं, कारण जंगलात सगळ्यात जास्त जगतं ते कासव. साक्षीला गव्यांचा म्होरक्या आला. त्याचा कळप रोज याच काठावर पाणी प्यायचा. साळिंदराने आपले गळलेले सात काटे काठाच्या कडेने ओळीत रोवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "या काट्यांपासून पाण्यापर्यंतचा काठ खणायचा हक्क मी कासवाला दिला. वाळा उपटायचा नाही. राघूचं बीळ आणि कासवाची अंडी, एवढ्यापुरतीच माती उकरायची. बाकी जमिनीचा मालक मीच, आणि माझ्यामागे माझा पुतण्या." बोलताना त्याला तीनदा खोकल्याची उबळ आली.

राघू लगेच कासवाच्या पाठीवर जाऊन बसला आणि त्याने काहीतरी विचारलं. कासवाने कपाळाला आठ्या घातल्या, पण मान डोलावली. काय विचारलं ते पुढे कळेलच.

एवढ्यावर थांबला असता, तर राघू कसला! नदीच्या वळणावर काठाचा एक तुकडा कोल्ह्याचा होता. तिथे खणलं असतं तर पूर तिथून आत घुसला असता. पण कोल्हा काही बधेना. "हक्कबिक्क मी काही काढून देत नाही," तो म्हणाला. "जमीन हवी तर विकत घ्या. जो जास्त देईल त्याची! डुकराने गाडाभर रताळी कबूल केली आहेत." मग राघू घरोघर हिंडला. कुणाच्या झोपेत गेला, कुणाच्या जेवणात गेला, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी पाणमांजरांनी कोल्ह्याला हिवाळाभर मासे द्यायचं कबूल केलं, अस्वलाने मधाची दोन पोळी दिली, माकडांनी बोरं आणली. रताळ्यांपेक्षा मासे बरे, म्हणून कोल्हा निघून गेला. तो तुकडा सगळ्या जंगलाचा झाला, कुणा एकाचा नाही.

"आणि उद्या सगळ्यांनीच विकायचं म्हटलं तर?" राघूने विचारलं.

गव्याने कान हलवले. "सगळ्यांनी म्हणजे तूसुद्धा. तू कधी गप्प बसून 'हो' म्हणणार आहेस का?" सगळे खो खो हसले. राघू मात्र हसला नाही.

माघात साळिंदर गेलं. ज्याला मरणाचं विचारून विचारून भंडावलं, त्याच्या बिळासमोर राघू पहिल्यांदाच अख्खा दिवस न हलता बसून राहिला. "आजोबा, मला तुम्ही हवे होतात हो," एवढंच तो म्हणाला. आणि राघूला भीती होती तसंच झालं. वैशाखात पुतण्याने जमीन डुकराला विकली.

त्या वेळी राघूच्या नव्या बिळात पाच अंडी होती. डुक्कर आलं, थेट काठावर गेलं आणि त्याने पहिल्या वाळ्याला नाक लावलं. राघू किंचाळत त्याच्या डोक्याभोवती फिरू लागला. तेवढ्यात पाण्यातून कासव सावकाश वर आलं.

"थांब. हे काटे दिसतात ना? त्यांच्या पुढे खणायचा हक्क तुझा नाही."

"मी जमीन विकत घेतली आहे!"

"घेतलीस ना. बीळ तुझं, जांभळं तुझी, कंद तुझे. खणायचा हक्क पुतण्याकडे नव्हताच, तर तुला कुठून देईल?"

डुकराने रागाने आजूबाजूला पाहिलं. गव्यांचा सगळा कळप पाणी पिणं थांबवून त्याच्याकडे बघत होता. अस्वलही जांभळीवरून खाली उतरलं होतं. डुकराने वाळ्यातून नाक काढलं, पण ते होतं मोठं लबाड. ते दात दाखवून हसलं. "बरं, बाबा. मी थांबतो. तूही म्हाताराच आहेस. आणि तुझ्यानंतर?"

मग कासव हसलं.

"हाच प्रश्न या राघूने मला काटे रोवले त्याच दिवशी, माझ्या पाठीवर बसून विचारला होता," ते म्हणालं. "म्हणून तो हक्क मी एकट्याकडे ठेवलाच नाही. तो या नदीतल्या सगळ्या कासवांनी मिळून घेतला आहे. बस थांबून, हवं तितकं."

डुकराने वळून पाहिलं. पाण्यावर एक डोकं आलं, मग दुसरं, मग दहा, मग वीस. डुक्कर मुकाट्याने टेकडीकडे कंद शोधायला निघून गेलं.

ज्येष्ठात पूर आला. पलीकडचा काठ आणखी हातभर ढासळला. अलीकडच्या काठावर वाळा पाण्यात आडवा झाला, पण त्याने माती सोडली नाही. पूर ओसरला आणि चिखलाने माखलेल्या बिळातून पाच हिरवी पिल्लं एकामागून एक बाहेर आली.

"आता तरी स्वस्थ बस," कासव म्हणालं.

"बसतो," राघू म्हणाला, आणि साळिंदराचे सातही काटे जागेवर आहेत ना, ते मोजायला उडाला.

तात्पर्य : मालक भला आहे एवढ्यावर विसंबू नये, तो नसतानाही जमीन राखली जाईल अशी सोय त्याच्या हातून, तो असतानाच करून घ्यावी.